स्वतःचा ओपन सोर्स एसओसी: एफपीजीए बोर्डवर पहिल्यांदा उभा करताना

एफपीजीए बोर्ड (आतलं सर्किट आपण लिहू तसं बदलणारी चिप असलेला) घेतला, व्हेरिलॉग या हार्डवेअरच्या भाषेत लेड (एलईडी) लुकलुकवला, काउंटर केला, जमलंच तर सिरियलवरून चार अक्षरं पाठवली. इथपर्यंत बहुतेक जण येतात. पुढे प्रश्न पडतो तो असा: प्रोसेसर, मेमरी, सिरियल पोर्ट, टायमर हे सगळं त्याच चिपमध्ये बसवून, म्हणजे एसओसी (सिस्टिम ऑन चिप) उभा करून, वर स्वतःचा सी प्रोग्रॅम चालवायचा कसा?

विचारायला गेलात तर एक जण सांगतो, आधी प्रोसेसर स्वतः लिही. दुसरा सांगतो, कंपनीच्या टूलमध्ये चौकोन ओढून जोड. पहिल्या मार्गाने शिकायला भरपूर मिळतं, पण एसओसी उभा राहायला वर्ष जातं. दुसऱ्या मार्गाने एसओसी दोन तासांत उभा राहतो, पण आत काय झालं ते कळत नाही आणि बोर्ड बदलला की सगळं पहिल्यापासून. हा लेख मधल्या वाटेचा आहे: एसओसी जोडून देणारं लिटेक्स नावाचं ओपन सोर्स साधन, रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचाचा प्रोसेसर आणि योसिस-नेक्स्टपीएनआर ही मोफत टूलचेन, म्हणजे कोडपासून चिपमध्ये भरायच्या फाइलीपर्यंत नेणारी साधनं.

तुम्हाला थोडं लिनक्स, जुजबी पायथन आणि सी येतं असं धरून चाललो आहे. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

१. आधी चित्र डोक्यात बसवा

एसओसी म्हणजे एका बसला, म्हणजे सामायिक तारांना, लटकलेले तुकडे. एका टोकाला प्रोसेसर. बसवर रॉम, त्यात सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम. लिटेक्स त्याला बायोस म्हणतं. शेजारी थोडी एसरॅम, मोठी मेमरी हवी असेल तर एसडीरॅमचा कंट्रोलर, मग यूआर्ट (सिरियल पोर्ट), टायमर, लेड आणि तुम्ही पुढे जोडाल ते. लिटेक्समध्ये ही बस बहुधा विशबोन असते.

या तुकड्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे मेमरी मॅप. सोसायटीत प्रत्येक घराला नंबर असतो तसा इथे प्रत्येक तुकड्याला पत्ता. वेक्सरिस्कव्ही हा रिस्क-फाइव्ह प्रोसेसर घेतला तर लिटेक्सच्या नेहमीच्या मांडणीत रॉम शून्यापासून सुरू होतो, एसरॅम हेक्स १००००००० पासून, मुख्य रॅम हेक्स ४००००००० पासून आणि नियंत्रणाची रजिस्टरं, म्हणजे सीएसआर, हेक्स एफ००००००० पासून. कॉलेजात ८०५१ च्या किटवर पत्ते देऊन डेटा भरला असेल तर कल्पना नवी नाही. फरक इतकाच की तो नकाशा दुसऱ्याने ठरवलेला होता, हा तुम्ही ठरवणार. पुढे काहीही अडलं तर पहिला प्रश्न हाच विचारा: हे कुठल्या पत्त्यावर आहे आणि मी कुठल्या पत्त्यावर शोधतोय?

२. बोर्ड निवडा

इथे लोक पैसे वाया घालवतात. लॉजिक किती मोठं यापेक्षा तीन गोष्टी पाहा: मोफत टूलचेन त्या चिपला चालते का, बोर्डवर बाहेरची रॅम आहे का आणि लिटेक्सच्या बोर्डांच्या यादीत तो आहे का. तिन्हींना 'हो' आलं तरच घ्या.

मी हा लेख यूएलएक्स३एस धरून लिहितो आहे. हा बोर्ड क्रोएशियातल्या झाग्रेबच्या राडिओना या मेकरस्पेसशी जोडलेल्या मंडळींनी केला. बोर्डचं डिझाइनही खुलं आहे. वर लॅटिसची ईसीपी५ चिप, ३२ एमबी एसडीरॅम, २५ मेगाहर्ट्झचा क्लॉक, एसडी कार्डची खाच, आठ लेड आणि एक ईएसपी३२ (वायफायची चिप). चिप १२एफ, २५एफ, ४५एफ आणि ८५एफ अशा आकारांत येते. ८५एफ मध्ये सुमारे ८४ हजार एलयूटी, म्हणजे लॉजिकचे छोटे ठोकळे, आहेत. लिटेक्सचा साधा एसओसी काही हजार एलयूटीत मावतो, म्हणून शिकायला १२एफ पुरतो. लिनक्सपर्यंत जायचं मनात असेल तर ४५एफ किंवा ८५एफ घ्या.

हात आखडता घ्यायचा असेल तर सिपीडचा टँग नॅनो २०के बघा. त्यात गोविनची चिप आहे, २०,७३६ एलयूटी आणि चिपच्याच आत ६४ मेगाबिट, म्हणजे ८ एमबी एसडीरॅम. या लेखातलं लिनक्स सोडून जवळपास सगळं त्यावर करता येतं. त्याचा धाकटा भाऊ ९के आणखी स्वस्त आहे, पण त्यात एसडीरॅमऐवजी पीएसरॅम असल्याने नवख्याने पहिल्याच फटक्यात तो घेऊ नये.

भारतातले प्रोसेसरच चालवायचे असतील तर आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सीडॅकचा वेगा आहेत. दोन्हींच्या लहान आवृत्त्या डिजिलेंटच्या आर्टी ए७ बोर्डवर चालवता येतात. हा बोर्ड लिटेक्सलाही चालतो, त्यावर २५६ एमबी डीडीआर३ आहे. मात्र त्यासाठी व्हिवाडो हे चिप कंपनीचं टूल लागतं. त्याची मोफत आवृत्ती पुरते, पण डिस्कवर कित्येक जीबी मोकळे ठेवा.

बोर्ड परदेशातून मागवलात तर किमतीवर कस्टम ड्युटी लागू शकते आणि कुरिअरवाले केवायसीची कागदपत्रं मागतात. पॅन आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून हाताशी ठेवा, नाहीतर पार्सल विमानतळावर पडून राहतं.

३. सामानाची यादी

- लिनक्स असलेला संगणक, ८ जीबी रॅम तरी. विंडोजवर डब्ल्यूएसएल चालतं, पण यूएसबी आत न्यायला वेगळं साधन बसवावं लागतं.
- डेटा जाणारी यूएसबी केबल. घरातल्या निम्म्या केबल फक्त चार्जिंगच्या असतात. मोबाइलमधून फोटो कॉपी करून तपासून घ्या.
- ओएसएस कॅड स्वीट: योसिस, नेक्स्टपीएनआर, व्हेरिलेटर, ओपनएफपीजीएलोडर हे सगळं एका गाठोड्यात मिळतं.
- रिस्क-फाइव्हचा जीसीसी कंपायलर.
- गिट, पायथन ३, मेसन आणि निंजा. शेवटचे दोन सी लायब्ररी बांधायला लागतात.
- सिम्युलेशनसाठी लिबइव्हेंट आणि जेसन-सी यांच्या डेव्हलपमेंट लायब्रऱ्या.

एसडी कार्ड शेवटच्या पायरीपर्यंत लागत नाही. लॉजिक अ‍ॅनलायझरही लागत नाही, कोणी काही म्हणो.

या यादीत पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर एकही नाही, ही गोष्ट फार जुनी नाही. २०१५ मध्ये आइसस्टॉर्म प्रकल्पाने लॅटिसच्या आइस४० चिपच्या बिटस्ट्रीमचं, म्हणजे चिपमध्ये भरायच्या फाइलीचं, स्वरूप उलगडलं. पुढे ईसीपी५ साठी ट्रेलिस आणि गोविनसाठी अ‍ॅपिक्युला आला. त्याआधी चिप घेतली की कंपनीचं टूल घेणं भागच होतं.

४. टूल बसवा

ओएसएस कॅड स्वीट उतरवून घ्या, घरच्या फोल्डरात उलगडा आणि त्यातलं बिन फोल्डर पाथमध्ये घाला. त्यांची 'एन्व्हायर्नमेंट' स्क्रिप्ट चालवली तर त्या गाठोड्यातला पायथन पुढे येतो आणि तुम्ही बसवलेलं लिटेक्स त्याला दिसत नाही. 'मॉड्यूल सापडलं नाही' ही तक्रार आली की आधी टर्मिनलला विचारा, पायथन कुठला वापरतोयस.

मग लिटेक्ससाठी पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करा. उबुंटू आणि डेबियनच्या अलीकडच्या आवृत्त्या सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट पिप चालवू देत नाहीत. 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' असा लाल मजकूर येतो. इंटरनेटवर तो मोडून पुढे जायची युक्ती सापडेल. ती वापरू नका, सिस्टिमची इतर साधनं बिघडतात.

एन्व्हायर्नमेंट चालू करून एका रिकाम्या फोल्डरात 'लिटेक्स अंडरस्कोर सेटअप डॉट पाय' ही फाइल उतरवा आणि 'इनिट' व 'इन्स्टॉल' या पर्यायांसह चालवा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये असताना 'यूजर' हा पर्याय देऊ नका. ही स्क्रिप्ट एकेक रेपो उतरवत जाते: लिटेक्स, लिटेडीरॅम, लिटेइथ, बोर्डांची यादी, प्रोसेसर. वायफाय चांगलं असेल तेव्हाच सुरू करा. कंपायलरही याच स्क्रिप्टला 'जीसीसी'चा पर्याय देऊन बसवता येतो.

वेक्सरिस्कव्ही हा प्रोसेसर स्पायनलएचडीएल या स्कालावर आधारलेल्या भाषेत लिहिलेला आहे. घाबरू नका, त्याचं तयार व्हेरिलॉग लिटेक्सच्या पॅकेजमध्येच येतं. जावा वगैरे आत्ता बसवायची गरज नाही.

शेवटी स्वतःला 'डायलआउट' गटात घाला, लॉग आउट करून परत या. हे केलं नाही तर सिरियल पोर्ट उघडताना परवानगी नाकारली जाते आणि मग माणूस प्रत्येक कमांडपुढे 'सुडो' लावत सुटतो. सुडोने चालवलं की वेगळाच पायथन लागतो आणि वरचा घोळ पुन्हा सुरू.

५. बोर्डला हात लावण्याआधी सिम्युलेशन

ही पायरी गाळण्याचा मोह होतो. गाळू नका. 'लिटेक्स सिम' ही कमांड 'सीपीयू टाइप वेक्सरिस्कव्ही' एवढाच पर्याय देऊन चालवा. ती एसओसी तयार करते, व्हेरिलेटरने त्याचं सी++ मध्ये रूपांतर करून कंपाइल करते आणि चालवते. मिनिटभर ओळी सरकत राहतील, मग लिटेक्सचं अक्षरांनी काढलेलं चिन्ह, त्याखाली प्रोसेसरचं नाव, बस, रॉम आणि एसरॅमचे आकडे आणि शेवटी 'लिटेक्स' असा प्रॉम्प्ट. 'हेल्प' टाइप करा. बायोसच्या कमांड दिसतील.

इथे प्रॉम्प्ट आला याचा अर्थ पायथन, कंपायलर, मेसन, निंजा सगळं जागेवर आहे. उद्या बोर्डवर काही दिसलं नाही तर दोष या बाजूला नाही हे तुम्हाला ठाऊक असेल. माझ्या मते नवख्याचे सगळ्यात जास्त तास वाचतात ते या एका पायरीमुळे.

६. पहिली बिल्ड

लिटेक्सच्या बोर्डांच्या यादीत प्रत्येक बोर्डसाठी दोन फाइली असतात. 'प्लॅटफॉर्म' फाइल सांगते कुठली पिन कशाला जोडली आहे. 'टार्गेट' फाइल त्यावर एसओसी बांधते. यूएलएक्स३एसची टार्गेट फाइल स्वतःच्या फोल्डरात कॉपी करून घ्या आणि यापुढे तीच वापरा. मूळ रेपोत बदल केलात तर पुढच्या अपडेटला गिट अडून बसेल.

कॉपी केलेली फाइल एकदा वाचून काढा, फार लांब नाही. सुरुवातीला क्लॉकचा भाग आहे. २५ मेगाहर्ट्झ आत येतो, पीएलएल (क्लॉकचा वेग बदलणारा भाग) त्यातून ५० मेगाहर्ट्झचा सिस्टिम क्लॉक करतो, आणि तेवढ्याच वेगाचा पण ९० अंश मागेपुढे सरकवलेला दुसरा क्लॉक एसडीरॅमसाठी काढतो. एसडीरॅमपर्यंत सिग्नल पोहोचायला वेळ लागतो, म्हणून हे सरकवणं. त्याच भागात एक पिन कायम १ वर बांधलेली दिसेल, नाव 'वायफाय जीपीआयओ शून्य'. ती काढली तर बोर्डवरचा ईएसपी३२ मध्येच एफपीजीए रीसेट करू शकतो. वरकरणी निरुपयोगी वाटणारी ही ओळ साफसफाईत उडवू नका.

आता बिल्ड करा. तीन पर्याय महत्त्वाचे. 'डिव्हाइस' मध्ये चिपचा नेमका आकार, उदाहरणार्थ एलएफई५यू-८५एफ. 'सीएसआर सीएसव्ही' मध्ये एका फाइलचं नाव, तिच्यात पत्त्यांची यादी लिहिली जाईल. आणि 'बिल्ड'.

डिव्हाइस न सांगता सोडलंत तर फाइलमध्ये ठरलेला आकार धरला जातो आणि तो तुमच्या बोर्डचा असेलच असं नाही. बिटस्ट्रीम तयार होतो, पण चिप तो नाकारते, कारण प्रत्येक आकाराचा ओळख क्रमांक वेगळा असतो. १२एफ आणि २५एफ आतून एकच सिलिकॉन आहेत, तरी त्यांचे क्रमांक वेगळे. चिपवर छापलेलं वाचा, किंवा ओपनएफपीजीएलोडरला 'डिटेक्ट' सांगा.

बिल्ड चालू असताना आधी बायोस कंपाइल होतो, मग योसिस सिंथेसिस करतं (कोडचं लॉजिक बनवतं), नेक्स्टपीएनआर प्लेस अँड राउट करतं (ते चिपवर मांडून जोडतं). साध्या लॅपटॉपवर काही मिनिटं.

७. शेवटच्या ओळी वाचा

बिल्ड संपली, चूक दाखवली नाही, म्हणजे झालं असं समजू नका. नेक्स्टपीएनआर शेवटी प्रत्येक क्लॉकसाठी जास्तीत जास्त वेग सांगतं आणि पुढे 'पास' किंवा 'फेल' लिहितं. लिटेक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये टायमिंग 'फेल' झालं, म्हणजे ठरलेल्या वेगात सिग्नल वेळेत पोहोचत नसले, तरी बिटस्ट्रीम बनतो. असा बिटस्ट्रीम कधी चालतो, कधी नाही; सकाळी चालतो, दुपारी बोर्ड तापला की हँग होतो. मग तुम्ही सी कोडमध्ये चूक शोधत बसता.

यावर उपाय आहे. 'नेक्स्टपीएनआर टायमिंग स्ट्रिक्ट' हा पर्याय लावा, म्हणजे टायमिंग जमलं नाही तर बिल्डच थांबेल. व्हिवाडोचंही असंच आहे: स्लॅक (उरलेला वेळ) उणे गेला तरी तो इशारा देऊन बिटस्ट्रीम काढून देतो.

वेग जमत नसेल तर सिस्टिम क्लॉक कमी करा. ५० वर नाही जमलं, ४० वर करा. शिकताना १० मेगाहर्ट्झने काही बिघडत नाही.

८. बोर्डवर चढवा

केबल 'यूएस१' लिहिलेल्या पोर्टला लावा. 'यूएस२' हा पोर्ट थेट एफपीजीएच्या पिनांना जातो, तिथून या पद्धतीने प्रोग्रॅमिंग होत नाही. यूएस१ मागे एफटीडीआयची एकच चिप आहे आणि प्रोग्रॅमिंग व सिरियल ही दोन्ही कामं तीच करते. म्हणून सिरियल टर्मिनल उघडं असताना बिटस्ट्रीम चढवायला जाऊ नका. आधी टर्मिनल बंद, मग लोडर.

'लोड' पर्यायाने चढवलेला बिटस्ट्रीम चिपच्या आतल्या मेमरीत बसतो आणि वीज गेली की जातो. शिकताना हेच बरं. 'फ्लॅश' पर्याय कायमचा लिहितो. डिझाइन पक्कं झाल्यावर वापरा.

आता 'लिटेक्स टर्म' चालवून सिरियल पोर्ट उघडा, वेग ११५२००. यूएलएक्स३एसवर पोर्ट बहुधा टीटीवाययूएसबी० असतो. आर्टीवर दोन पोर्ट दिसतात आणि बोलणारा बहुधा १ क्रमांकाचा असतो. बोर्ड रीसेट करा. लिटेक्सचं चिन्ह येईल, मग एसडीरॅमची तपासणी, वाचन-लेखनाचा वेग आणि 'सिरियलवरून बूट करतोय' अशी ओळ. तिच्यापाठोपाठ दहा-पंधरा निरर्थक अक्षरांचा एक तुकडा छापला जातो. तो पाहून पुष्कळ जण बॉड रेट (सिरियलचा वेग) बदलत बसतात. तो कचरा नाही. बायोस समोरच्या संगणकाला विचारतोय, 'पाठवायला काही आहे का?' आणि हा त्याचा ठरलेला परवलीचा शब्द आहे. उत्तर आलं नाही की तो 'टाइमआउट' म्हणून पुढे जातो आणि प्रॉम्प्ट देतो.

मेमरीची तपासणी नापास झाली तर दोन गोष्टी बघा. तुमच्या बोर्डवर बसवलेली एसडीरॅमची चिप आणि टार्गेटमध्ये धरलेली चिप एकच आहे का? यूएलएक्स३एस वेगवेगळ्या एसडीरॅमसह आलेले आहेत आणि 'एसडीरॅम मॉड्यूल' या पर्यायाने नाव बदलता येतं. दुसरं, सिस्टिम क्लॉक वाढवून ठेवलाय का?

प्रॉम्प्टवर 'लेड्स २५५' टाइप करा. आपोआप धावणारे आठ लेड थांबतील आणि सगळे पेटून राहतील. प्रोसेसरने पहिल्यांदा तुमचं ऐकलं ते इथे. टर्मिनलमधून बाहेर पडायला कंट्रोल-सी दोनदा दाबा.

९. स्वतःचा तुकडा जोडा

इथपर्यंत दुसऱ्याचा एसओसी चालवला. आता त्यात भर घालू. लिटेक्समध्ये पीडब्ल्यूएमचा (पिन झटपट चालू-बंद करणारा) तयार तुकडा आहे, त्याने एका लेडचा उजेड कमी-जास्त करू.

कॉपी केलेल्या टार्गेट फाइलमध्ये पीडब्ल्यूएम इम्पोर्ट करा. एसओसीच्या क्लासमध्ये शेवटी, प्लॅटफॉर्मकडून पहिला लेड मागून तो पीडब्ल्यूएमला द्या आणि 'सेल्फ डॉट पीडब्ल्यूएम०' या नावाने ठेवा. एवढी एकच ओळ. बिल्ड करा आणि ती लगेच आपटेल, कारण आठही लेड आधीच धावत्या लेडच्या तुकड्याने मागून घेतलेले आहेत आणि एक पिन दोघांना मिळत नाही. क्लासमधला 'लेड चेसर' बंद करा, म्हणजे पिना मोकळ्या होतील.

बिल्ड झाल्यावर सीएसआरची सीएसव्ही फाइल उघडा. प्रत्येक ओळीत रजिस्टरचं नाव, पत्ता, आकार आणि ते लिहिता येतं की फक्त वाचता येतं ते दिलेलं असतं. पीडब्ल्यूएम० ची तीन रजिस्टरं दिसतील: एनेबल, विड्थ, पीरियड. पत्ते कागदावर उतरवून घ्या.

बोर्डवर चढवा आणि बायोसमध्ये 'मेम राइट' कमांडने पीरियडच्या पत्त्यावर ५०००० लिहा. ५० मेगाहर्ट्झ भागिले ५०,००० म्हणजे सेकंदाला हजार आवर्तनं. डोळ्याला लुकलुक दिसणार नाही. विड्थवर २५००० आणि एनेबलवर १ लिहा. लेड पेटेल. आता विड्थ ५००० करा, मग ५०० करा. निम्म्या विड्थला उजेड निम्मा वाटत नाही, जवळपास पूर्णच वाटतो. डोळ्याचं गणित सरळ रेषेत चालत नाही. सावकाश मंद होणारा लेड हवा असेल तर विड्थ खालच्या टोकाला बारीक पावलांनी बदला.

एक ओळ सी लिहिलेली नाही, तरी हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्यातला करार कसा चालतो ते इथे उघड दिसतं. पत्त्यावर आकडा ठेवला, तारेवर व्होल्टेज बदललं.

स्वतःचा तुकडा मायजेनमध्ये (लिटेक्स वापरतं ती पायथनमधली हार्डवेअर भाषा) लिहायला घ्याल तेव्हा हे लक्षात ठेवा. प्रोसेसरने लिहायची जागा 'सीएसआर स्टोरेज', प्रोसेसरने वाचायची जागा 'सीएसआर स्टेटस'. बटण, सेन्सर असा बाहेरून येणारा सिग्नल थेट वापरू नका. 'मल्टीरेग'मधून, म्हणजे दोन फ्लिपफ्लॉपमधून आत घ्या, नाहीतर कधीतरीच उगवणाऱ्या चुका येतात आणि त्या पकडता येत नाहीत. सीएसआरऐवजी थेट विशबोनवर तुकडा लावलात तर त्याचा पत्ता हेक्स ८००००००० च्या वर ठेवा. त्याखालचा भाग वेक्सरिस्कव्ही कॅशमध्ये धरू शकतो, आणि मग सेन्सर बदलला तरी प्रोग्रॅमला जुनाच आकडा दिसत राहतो.

पिनांबद्दलही एक इशारा. यूएलएक्स३एसच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ड्रॉवरमध्ये पडलेला ५ व्होल्टचा अर्डुइनो सेन्सर थेट जोडलात तर पिन कायमची जाऊ शकते. मध्ये लेव्हल शिफ्टर घाला.

१०. सी प्रोग्रॅम

लिटेक्सबरोबर एक नमुना प्रोग्रॅम येतो. 'लिटेक्स बेअर मेटल डेमो' या कमांडला तुमच्या बोर्डच्या बिल्ड फोल्डराचा रस्ता द्या. डेमो फोल्डर आणि 'डेमो डॉट बिन' तयार होईल. मग लिटेक्स टर्मला 'कर्नल' पर्यायात ही फाइल द्या आणि बोर्ड रीसेट करा. मघाच्या परवलीच्या शब्दाला आता उत्तर मिळतं, फाइल हेक्स ४००००००० वर जाऊन बसते आणि चालू होते. डेमोमध्ये अक्षरांनी काढलेला फिरता डोनट आहे. तो जरूर बघा, तुमच्या चिपवरचा प्रोसेसर गुणाकार-बेरजा करत तो फिरवतोय.

तुमचा पीडब्ल्यूएम सीमधून चालवताना कागदावर लिहिलेले पत्ते कोडमध्ये घालू नका. बायोसमध्ये हाताने खेळायला ते ठीक होते. उद्या आणखी एक तुकडा जोडलात की लिटेक्स पत्ते नव्याने वाटू शकतं आणि तुमचा प्रोग्रॅम भलत्याच रजिस्टरमध्ये लिहू लागतो, तोही काही न बोलता. बिल्ड फोल्डरात 'सीएसआर डॉट एच' तयार होतो. त्यात प्रत्येक रजिस्टरसाठी 'पीडब्ल्यूएम० विड्थ राइट' अशा थाटाचं फंक्शन असतं. तेच वापरा. हार्डवेअर बदललं की प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करा आणि दोन्ही एकाच बिल्डमधले आहेत याची खात्री करून घ्या. सगळं बरोबर असून काही चालत नाही अशा तक्रारींमागे बऱ्याचदा जुना बिटस्ट्रीम आणि नवा प्रोग्रॅम असतो.

११. लिनक्स, हवं असेल तर

३२ एमबी रॅमवर लिनक्स चालतं, गर्दी करून पण चालतं. त्यासाठी वेक्सरिस्कव्हीची एसएमपी आवृत्ती वापरतात, तिच्यात लिनक्सला लागणारा एमएमयू (मेमरीचे पत्ते सांभाळणारा भाग) आहे. 'लिनक्स ऑन लिटेक्स वेक्सरिस्कव्ही' या रेपोत यूएलएक्स३एस आहे. काही मांडण्यांसाठी प्रोसेसर नव्याने तयार करावा लागतो आणि तेव्हा मात्र जावा आणि एसबीटी (स्कालाचं बिल्ड साधन) लागतात.

कर्नल, डिव्हाइस ट्री, रूट फाइल सिस्टिम, ओपनएसबीआय (कर्नलआधी चालणारं फर्मवेअर) आणि 'बूट डॉट जेसन' या पाच फाइली फॅट स्वरूपातल्या एसडी कार्डवर ठेवा. सिरियलवरूनही पाठवता येतात, पण ११५२०० वर सेकंदाला साधारण ११ केबी जातात, म्हणजे काही एमबींसाठी दहा-पंधरा मिनिटं. एकदा करून बघायला ठीक, रोज नाही. डिव्हाइस ट्री हीसुद्धा पत्त्यांचीच यादी आहे. एसओसीत काही बदललं की तीही नव्याने बनवा, नाहीतर कर्नल नसलेल्या यूआर्टशी बोलत बसेल आणि पडद्यावर काहीच येणार नाही.

१२. काय जपून ठेवायचं

लिटेक्समध्ये बदल सतत होतात आणि दोन महिन्यांनी केलेलं अपडेट चालती बिल्ड मोडू शकतं. बोर्डवर काही चाललं की त्याच दिवशी लिटेक्सच्या प्रत्येक रेपोचा कमिट क्रमांक, ओएसएस कॅड स्वीटची तारीख आणि तुम्ही दिलेली पूर्ण बिल्ड कमांड एका मजकूर फाइलमध्ये लिहून प्रकल्पाच्या गिटमध्ये टाका. बिल्ड फोल्डर टाकू नका, ते पुन्हा बनतं. टार्गेट फाइल आणि सी कोड टाका. डिझाइन इतरांना देणार असाल तर परवाने बघून घ्या: लिटेक्स बीएसडी परवान्याखाली आहे, वेक्सरिस्कव्ही एमआयटी परवान्याखाली, दोन्हींत मूळ कॉपीराइटची ओळ ठेवावी लागते. लिनक्स कर्नल जीपीएलखाली आहे, त्यात बदल करून इमेज वाटलीत तर बदललेला सोर्सही द्यावा लागतो. आणि कुठे मदत मागायची वेळ आली तर ती मजकूर फाइल, नेक्स्टपीएनआरच्या शेवटच्या वीस ओळी आणि बायोसने छापलेला पूर्ण मजकूर सोबत द्या. 'चालत नाही' एवढ्यावर कोणी उत्तर देऊ शकत नाही.